डब्यावरचे नाव

आमच्या घरात एक जाड वही आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, वाणी लोक खतावणीसाठी वापरतात तशी. अब्बांचा फोटो स्टुडिओ चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत होता आणि ही वही डार्करूमच्या दाराबाहेर खिळ्याला दोरीने टांगलेली असे. प्रत्येक पानावर दोन उभे रकाने आखलेले आहेत. डावीकडे ‘डब्यावरचे नाव’ आणि उजवीकडे ‘आतला माल’. अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. हिशेब मराठीत लिहीत, आणि गिऱ्हाइकाने वाचू नये असे काही असले की उर्दूत. उजव्या रकान्यात उर्दू बरीच आहे.

अब्बा २००४ साली गेले. त्याच्या आधीच रंगीत लॅबने कृष्णधवलचे काम मोडीत काढले होते, उरलेसुरले डिजिटलने संपवले. दुकानात आता झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि मोबाइलची कव्हरे आहेत. वही कपाटावर पडून होती. गेल्या पावसाळ्यात ती खाली काढावी लागली, ती आमच्या पुतण्यामुळे.

पुतण्या नागपूरला शिकत असताना फिल्मच्या कॅमेऱ्याच्या नादी लागला. अशी मुले आता शहरोशहरी आहेत. खिशात उत्तम कॅमेऱ्याचा मोबाइल असताना छत्तीस फोटोंसाठी रोल विकत घेतात आणि तो धुऊन येईपर्यंत आठवडाभर वाट पाहतात. त्याने अब्बांचा याशिका दुरुस्त करून घेतला, इथवर आम्हाला आनंदच होता. मग एक दिवस तो एक गोल डबा घेऊन आला. झेक देशातल्या फोमा कारखान्याची फोमापान १०० ही फिल्म, १०० फूट, म्हणजे साडेतीस मीटर. एवढ्यात छत्तीस फोटोंचे अठराएक रोल निघतात. ते रिकाम्या कॅसेटमध्ये भरायचे, वर आपले लेबल चिकटवायचे आणि ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांना, मुंबई-पुण्याच्या हौशी मुलांना विकायचे, असा त्याचा बेत होता. लेबल तयारच होते. काळ्या कागदावर वाघाचा पांढरा पंजा आणि खाली ठळक अक्षरांत ‘चांदा १००’.

“आणि भाव?” आम्ही विचारले.

“फोमाच्या तयार रोलच्या दीडपट. बडे अब्बा, सारी दुनिया यही कर रही है.”

अम्मी बाजेवर बसून तसबीह ओढत होती. तिने विचारले, “अंदर क्या है?” पुतण्याने सांगितले. “और ऊपर क्या लिखा है?” त्याने तेही सांगितले. अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तेरे दादा की लाल बही निकाल.”

सारी दुनिया हेच करते, हे पुतण्याचे म्हणणे खोटे नाही. पण आधी वहीचे सांगतो.

अब्बांनी स्टुडिओ काढला तेव्हा परदेशी फिल्म परवान्यावर येई, आणि मुंबई-नागपूर करत आमच्याकडे पोहोचेपर्यंत तिचा भाव चढलेला असे. सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली होती. हवा थंड आणि धूळ कमी म्हणून नीलगिरीचा डोंगर निवडला. १९६७ मध्ये तिचा माल निघू लागला, त्याचे नाव ‘इंदू’. इंदू म्हणजे चंद्र आणि आमचे गाव चांदा, तेव्हा ही तर घरचीच फिल्म, असे अब्बा थट्टेने म्हणत. स्टुडिओवाल्यांमध्ये मात्र कुजबुज असायची की इंदूच्या वेष्टनात बाहेरचीच फिल्म कापून भरतात. आपल्या देशात असले काही बनू शकते यावर आपल्याच लोकांचा विश्वास नसतो, तो भाग वेगळा. अब्बांनी एक रोल सावकाश तपासला. कडेवरची अक्षरे पाहिली, धुण्याचा वेळ बदलून पाहिला आणि वहीत दोन्ही रकान्यांत ‘इंदू’ लिहिले. उटीचा तो कारखाना १९९० च्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेला आणि २०१० नंतरच्या दशकात कायमचा बंद झाला.

दुसरी फिल्म होती ओर्वो. पूर्व जर्मनीशी आपला व्यवहार रुपयांत चाले, त्यामुळे ती मुबलक मिळे आणि स्वस्तही पडे. वोल्फेन गावचा तो कारखाना मुळात अ‍ॅग्फाचा. महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, कंपनीचेही झाले. दोन्हीकडून अ‍ॅग्फा हेच नाव चालले, त्यावरून तंटे झाले आणि अखेर १९६४ साली वोल्फेनवाल्यांनी नाव सोडून ‘ओर्वो’ हे नवे नाव घेतले. ‘ओरिगिनाल वोल्फेन’ची ती आद्याक्षरे. अब्बांच्या वहीत डावीकडे ‘ओर्वो’ आणि उजवीकडे उर्दूत ‘पुरानी अ‍ॅग्फा, वोल्फेनवाली’ अशी नोंद आहे. कारखाना तोच, कारागीर तेच, पण मोठे नाव पश्चिमेकडे राहिले म्हणून इकडचा माल कमी भावात. अब्बांनी वर्षानुवर्षे लोकांची लग्ने, शाळांचे ग्रुप आणि हजला जाणाऱ्यांचे पासपोर्ट फोटो ओर्वोवर काढले.

योगायोग असा की त्याच सुमारास आमच्या गावाचेही नाव बदलले. चांद्याचे चंद्रपूर झाले. रेल्वेचे एक स्टेशन अजून ‘चांदा फोर्ट’ आहे. भांदकचे भद्रावती झाले तरी स्टेशनावर पाटी भांदकचीच आहे. नाव बदलल्याने झरपट नदीचे पाणी बदलत नाही हे इकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. आणि नुसत्या नावावरून माणसाचा भाव कसा चढतो-उतरतो, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही काय सांगणार? नागपूर-पुण्यात भाड्याचे घर शोधलेल्या कोणालाही विचारा.

अब्बा स्वतःही फिल्म भरत. मोठा डबा आणायचा, डार्करूममध्ये दिवा घालवायचा आणि अंधारात हातानेच माप घ्यायचे. दाराच्या चौकटीला एक खिळा आणि समोरच्या भिंतीला दुसरा. त्या दोन खिळ्यांमधले अंतर म्हणजे एक रोल. लहानपणी आम्हाला वाटे की ते कपडे वाळत घालायचे खिळे आहेत. भरलेल्या रोलवर अब्बा कागदाची पट्टी चिकटवीत, तिच्यावर आतल्या फिल्मचे खरे नाव आणि भरल्याची तारीख. असा रोल तयार डब्याच्या दोन-तृतीयांश भावात जाई. जंगलखात्याचे लोक, शाळामास्तर आणि दोन-तीन हौशी डॉक्टर तो घेत. अब्बांचे म्हणणे साधे होते. पुठ्ठा नाही, छपाई नाही, तर त्याचे पैसे कशाचे? हाताच्या मजुरीचे तेवढे घ्यायचे.

आमच्या मोहल्ल्यात फोटोग्राफरचे दुकान चालवणे ही तेव्हा सरळ गोष्ट नव्हती. अब्बांच्या थोरल्या भावाने वर्षभर दुकानात पाऊल ठेवले नाही. तसवीर काढणे जायज की नाजायज हा वाद घरोघरी होता. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी छायाचित्राला परवानगी देताना एक बारीक मुद्दा मांडला होता. फोटो म्हणजे निर्मिती नव्हे, आधीच असलेली सावली धरून ठेवणे आहे. मशिदीतल्या एका वयस्क मौलवीसाहेबांनी हे अब्बांना सांगितले आणि अब्बांनी ते जन्मभर धरून ठेवले. ते म्हणत, साया पकडण्याचे काम आहे, म्हणून पकडणारी चीज खरी पाहिजे.

ती खरी नसली तर काय होते, हे १९८६ साली कळले.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात तिकडच्या लोकांच्या हातात चार पैसे येत आणि अब्बा एस.टी.ने आलापल्ली, अहेरी, एटापल्लीकडे फिरतीवर जात. एका काठीला पडदा, एक स्टूल आणि कॅमेऱ्याची पेटी. त्या वर्षी निघण्याआधी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने त्यांना नवी फिल्म दाखवली. चकचकीत खोका, इंग्रजी नाव, ‘इम्पोर्टेड’. इंदूपेक्षा बरीच महाग. अब्बांनी आठ रोल घेतले. का घेतले, हे त्यांना नंतर स्वतःलाच सांगता येईना. अम्मी म्हणते, खोका सुंदर होता.

एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात एक माडिया वनरक्षक होता, नुकताच नोकरीला लागलेला. पहिल्या पगारातून त्याला आईचा फोटो काढायचा होता. ती आजारी होती, तिला खाटेसकट मोहाच्या झाडाखाली आणले. तिने आयुष्यात कॅमेरा पाहिला नव्हता. अब्बांनी एरवी एका माणसाचे दोन फोटो घेतले असते, तिचे सहा घेतले.

चंद्रपूरला परत येऊन रोल धुतले. मे महिना, पारा ४७ च्या वर. उन्हाळ्यात अब्बा रात्री दोन वाजता काम करीत, डेव्हलपरची बाटली बर्फाच्या परातीत ठेवून. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, बोरॅक्स तोलून ते डेव्हलपर घरीच बनवीत आणि त्यात कधी चूक होत नसे. त्या रात्री आठही रोल राखाडी धुक्यासारखे निघाले. चेहरे होते, पण ओल्या भिंतीवरच्या डागासारखे.

सकाळी अब्बांनी पट्टी खिडकीशी धरली आणि कडेची छिद्रे निरखली. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, त्यांनी आम्हालाही दाखवले. साध्या कॅमेऱ्याच्या फिल्मची छिद्रे गोलसर कोपऱ्यांची चौकोनी असतात. सिनेमाच्या निगेटिव्हची वेगळी. वरखाली सपाट आणि बाजूंना पिंपासारखी फुगीर. ही छिद्रे सिनेमाची होती. मुंबईच्या शूटिंगमधून उरलेले तुकडे, किती वर्षे कुठे पडले होते कोण जाणे, कोणीतरी नव्या कॅसेटमध्ये भरून नव्या खोक्यात घातले होते. जुनी फिल्म आणि त्यात विदर्भाची उष्णता, त्यात धुके येणारच. सिनेमाची फिल्म वाईट असते असे नाही. अब्बांनी ती पूर्वी स्वतः वापरली होती, ताजी, माहीत असताना. पण या खोक्यावर ना मालाचे खरे नाव होते, ना तारीख.

पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद होत, नदी-नाल्यांवर पूल नव्हते. दसऱ्यानंतर अब्बा पुन्हा गेले, या वेळी इंदूचे रोल घेऊन. आई श्रावणातच गेली होती. वनरक्षकाने पैसे परत घेतले नाहीत. “तुमाले का मालूम जी, पुड्यात का होतं तं,” एवढेच म्हणाला, आणि अब्बांसाठी बाज टाकली. अब्बा घरी आले आणि चार दिवस दुकान उघडले नाही. वहीत त्या पानावर डावीकडे ते इंग्रजी नाव आहे. उजवीकडे उर्दूत, ‘सिनेमा की कतरन, पुरानी. आठ रोल.’ आणि त्याखाली त्या गावाचे नाव.

पुतण्याने हे पान पहिल्यांदाच पाहिले. त्याला उर्दू येत नाही, आम्ही वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, पण वाद सोडणाऱ्यांपैकी तो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला सगळे जग समजावून सांगितले, आणि त्यातले बरेचसे आम्हाला पटले.

जगात कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप चढवणारे कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक, इंग्लंडमध्ये मोबर्लीला इल्फोर्डची फिल्म बनवणारी हार्मन, झेक देशात १९२१ पासूनची फोमा, बेल्जियमला अ‍ॅग्फा-गेव्हर्ट, आणि जर्मनी, इटली, चीनमध्ये काही. बाजारात नावे मात्र डझनावारी. म्हणजे बहुतेक नवी नावे ही जुन्याच फिल्मवरची लेबले असणार. २०१७ साली लंडनहून ‘कॉस्मो फोटो मोनो’ आली, खोक्यावर रशियन अंतराळवीराचे झकास चित्र. ज्यांनी ती धुऊन पाहिली त्यांनी ती फोमापान १०० असल्याचे सांगितले. ‘लोमोग्राफी’ने २०१८ साली ‘बर्लिन किनो’ काढली. फिल्म जर्मन सिनेमाची हे सांगितले, पण कारखान्याचे नाव घेतले नाही. जाणकारांनी ओळखले की ही आपली ओर्वोच. अब्बांची ओर्वो असा नवा अंगरखा घालून महाग होऊन आलेली पाहून आम्हाला हसू आले. जी नाव गेले म्हणून स्वस्त झाली होती, ती नाव लपवून महाग झाली!

उलटी उदाहरणेही आहेत. लॉस एंजेलिसचे फ्रीस्टाइल हे दुकान फोमाचीच फिल्म ‘अरिस्टा’ नावाने विकत आले आहे, आणि ती मूळ फोमापेक्षा स्वस्त असे. म्हणजे लेबल बदलले की भाव चढलाच पाहिजे असा काही कायदा नाही. अमेरिकेतलेच सिनेस्टिल कोडॅकची डबल-एक्स ही सिनेमाची फिल्म कॅसेटमध्ये भरून विकते, आणि ही डबल-एक्स आहे हे उघड सांगते. अब्बांच्या वहीतली ‘सिनेमा की कतरन’ आणि ही, दोन्ही सिनेमाच्याच. एक शिळी आणि बेनामी, दुसरी ताजी आणि नाव सांगणारी. जपानमधून २०१६ साली आलेली ‘स्ट्रीट पॅन’ ही अ‍ॅग्फाची बंद पडलेली, पाळत ठेवण्याच्या कॅमेऱ्यांसाठीची फिल्म. विकणाऱ्याने हे स्वतःच सांगितले होते.

फुजीची गोष्ट सर्वांत गमतीची. तिने अ‍ॅक्रॉस ही नावाजलेली फिल्म २०१८ मध्ये बंद केली आणि लोक हळहळले. २०१९ च्या अखेरीस ‘अ‍ॅक्रॉस २’ आली. खोक्यावर नाव जपानी आणि एका कोपऱ्यात ‘मेड इन यूके’. ज्यांना इंग्लंडातल्या कारखान्यांची नावे ठाऊक होती त्यांनी लगेच तर्क केला. फुजीचे म्हणणे, सूत्र आमचे आहे. असेल. पण कोपऱ्यात का होईना, देश छापला, हे आम्ही तिच्या जमेला धरतो.

मग जास्त भाव योग्य की अयोग्य? पुतण्याचा मुद्दा असा की कापणे, भरणे, तपासणे, लेबल छापणे हेही कामच आहे. त्यात तथ्य आहे आणि त्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा शिक्काही आहे. इंडिया सिने एजन्सीज नावाची कंपनी फिल्मचे प्रचंड मोठे रोल आणून त्यांतून लहान रोल आणि पत्रे कापत असे. हे नुसते कापणे की उत्पादन, असा आयकर खात्याशी वाद झाला. २००८ साली न्यायालयाने निकाल दिला की हे उत्पादन आहे, कारण मोठा रोल जसाच्या तसा कॅमेऱ्यात घालता येत नाही, कापल्यावर वापरण्याजोगी नवी वस्तू तयार होते. अब्बांना हे ऐकून बरे वाटले असते. दोन खिळ्यांमध्ये अंधारात उभे राहून ते जे करीत त्याला कायद्याने उत्पादन म्हटले!

दुसरा मुद्दा त्याने आमच्याच बाजूने उचलला. दीनमध्ये नफ्याला मर्यादा कुठे आहे? हेही खरे. मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव बांधून द्या म्हटले, आणि त्यांनी ते नाकारले. दोघे राजी असतील तर भाव काहीही असो. पण त्याच मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग लहानपणी मदरशात कोणी ऐकला नाही? फिकहमध्ये ऐब लपवलेला माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आणि मुराबहात तर विकणारा आपली खरेदी किंमत सांगून वर नफा किती घेतो तेही सांगतो. आम्हाला वाटते, फिल्मच्या या सगळ्या भानगडीचा निकाल या दोन प्रसंगांच्या मध्येच कुठेतरी आहे. भाव हवा तो घ्या, पण ढिगाच्या आत काय आहे ते वर दिसू द्या. ज्याला वाघाचा पंजा आवडला आणि आत फोमा आहे हे माहीत असूनही ज्याने जास्त पैसे दिले, त्याने पंजाचे पैसे दिले. त्यात फसवणूक कसली? आम्ही स्वतः मात्र ते देणार नाही. त्याच दुकानात शेजारी फोमाचा साधा खोका ठेवलेला असताना आम्ही तोच उचलू. हा स्वभावाचा भाग झाला.

पुतण्याने शेवटचे अस्त्र काढले. “मेंढा-लेखाने काय केले?” धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. “तोच बांबू. आधी त्यावर सरकारचा शिक्का होता, आता गावाचा. दाम चांगला मिळाला. मग आपण आपल्या गावाचा शिक्का मारला तर काय बिघडले?”

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. अम्मीने दिले. “बेटा, बांबू उनके जंगल का था.”

मग तिने जे विचारले ते आमच्या मनात आले होते, पण आम्ही विचारले नव्हते. दुकानाला पहिल्या दिवसापासून अब्बांचेच नाव होते. पाटीवर मराठीत आणि खाली लहान अक्षरांत उर्दूत. चाळीस वर्षे लोक ‘अमुक भाईचा फोटो’ म्हणत आले. “तेरे लेबल पे तेरे दादा का नाम क्यों नहीं?”

पुतण्याने मान खाली घातली. सारवासारव करणे त्याला जमत नाही. म्हणाला, “दादी, उस नाम से नहीं बिकेगा. वाघाच्या पंजाखाली ते नाव कोण घेईल? चांदा ठीक आहे, सगळ्यांचे आहे.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्ही रागावणार होतो, पण कोणावर? आम्ही स्वतः नोकरीच्या काळात एका शहरात तीन वर्षे दारावर पाटी न लावता राहिलो. घरमालकानेच तसे सुचवले होते आणि आम्ही त्याला समजूतदारपणा म्हटले होते. पोराने तो समजूतदारपणा आमच्याकडूनच घेतला. त्याच्या लेबलाखाली दोन नावे झाकली जात होती, एक फोमाचे आणि एक अब्बांचे. फोमाचे झाकले ते भाव चढावा म्हणून, आणि अब्बांचे झाकले ते भाव उतरू नये म्हणून.

त्या रात्री पुतण्या आणि आम्ही दुकानामागच्या खोलीत बसून सगळे रोल भरले. ती अब्बांची डार्करूम. एक खिळा अजून आहे, दुसरा रंगकाम करताना कोणीतरी उपटला होता, तो मापून पुन्हा ठोकला. भरण्याचे यंत्र त्याच्याकडे होते, पण त्याला खिळ्यांवर भरायचे होते. पहिले दोन रोल लहान झाले, आमचे हात विसरले होते.

लेबलाचा वाद आणखी आठवडाभर चालला. अखेर पंजा राहिला, तो त्याला फार आवडतो. ‘चांदा’ही राहिले, कारण रोल चांद्यातच भरले होते आणि ते खोटे नव्हते. त्याखाली एक ओळ आली, ‘आत: फोमापान १००’, आणि तिच्याखाली भरल्याची तारीख व अब्बांच्या दुकानाचे पूर्ण नाव. उर्दूत लिहायला जागा उरली नाही. भाव फोमाच्या तयार रोलपेक्षा थोडा कमी ठरला. डब्यातली फिल्म तयार रोलपेक्षा स्वस्त पडते, तेव्हा मजुरी आणि कागद धरूनही तो परवडतो. पुतण्याला तो अजून कमी वाटतो. रिकाम्या कॅसेटचे पैसे बडे अब्बांनी हिशेबात धरलेच नाहीत, असे तो म्हणतो, आणि त्याचे बरोबर आहे.

आतापर्यंत सात रोल विकले गेले आहेत. एक गडचिरोलीच्या एका शिक्षकाने घेतला. त्याने लेबल वाचून विचारले, हा फोटोवाला म्हणजे तेच का, जे उन्हाळ्यात पडदा घेऊन यायचे? त्याच्या घरी त्यांनी काढलेला एक फोटो आहे म्हणे. एका पर्यटकाने लेबल उलटसुलट करून परत ठेवले. ते कशामुळे, आम्हाला ठाऊक नाही. फोमामुळे असेल, भावामुळे असेल किंवा त्या तिसऱ्या ओळीमुळेही असेल. उरलेले रोल उन्हाळ्यासाठी फ्रिजमध्ये आहेत, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. अम्मीची रोज कुरकुर चालते की फ्रिज सालनासाठी आहे की दुकानासाठी.

पुतण्याने वहीत नवी नोंद केली आहे. डावीकडे ‘चांदा १००’ आणि उजवीकडे ‘फोमापान १००’. उर्दू शिकव म्हणून तो आता अम्मीच्या मागे लागला आहे. अजून अलिफ-बेवरच आहे.